साडेआठ गुणांचं पत्र

नाशिक,
ता. २० नोव्हेंबर १९७९

निवृत्तीभाऊंना सप्रेम जयभीम.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी नळाला पाणी उशिरा आलं होतं. दोन हंडे भरले, ओटा धुतला, गुरुजींच्या फोटोची काच पुसली आणि भाकरी टाकायला बसले. मुलं आठला येणार होती आणि आठवड्याच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, म्हणून वह्या परातीशेजारीच घेतल्या. एक भाकरी तव्यावर टाकायची, पदराला हात पुसायचा आणि एक वही तपासायची. भाकरी फुगेपर्यंत पान संपलं पाहिजे, असा माझा तेव्हाचा हिशोब. चांगुणाची वही चौथी की पाचवी होती. तिच्या पानाच्या कडेला माझ्या पिठाच्या बोटाचा डाग अजून आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी सुलाबाई. माझे यजमान इथल्या शाळेत मराठीचे गुरुजी होते. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या सहावी-सातवीच्या हुशार मुलांना ते दर रविवारी आमच्या ओट्यावर जादा शिकवायचे. पाठ केलेला निबंध त्यांना दोन ओळींत ओळखू यायचा. मग ते वही मिटून म्हणायचे, "हा तुझा नाही. तुझा कुठे आहे?" शहात्तर सालच्या पावसाळ्यात ते गेले. पुढच्या रविवारी मुलं नेहमीसारखी आली. त्यांना नको म्हणायला कुणी नव्हतं, आणि माझ्याने म्हणवलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "बाई, परीक्षेपर्यंत सांभाळा." मी चौथी झालेली. पुढचं सगळं गुरुजींच्या पेटीतली पुस्तकं आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून शिकले. तरी अजून सांभाळते आहे.

तुमची भाची चांगुणा माझ्याकडे दीड वर्ष होती. तिच्यासारखं मूल मी पाहिलं नाही. एक प्रसंग सांगायचा आणि तो तीन जणांच्या तोंडून लिहायचा, असं मी मुलांना द्यायचे. बाजारात भांडण झालं, तर बाकीची मुलं भाजीवाली, गिऱ्हाईक आणि पोलीस घ्यायची. चांगुणाने तराजू घेतला होता.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत ती एकाएकी यायची थांबली. तिचे वडील कोंडाजी म्हणाले, देवळ्याला तिच्या थोरल्या बहिणीकडे बाळंतपणाला मदत म्हणून पाठवली आहे. मी बरं म्हटलं.

परवा जुन्या वह्या आवरताना तिचं एक पत्र सापडलं. सरावाला विषय दिला होता 'सुट्टीत मामाकडे येत असल्याचे मामांना पत्र'. तिचं पत्र त्या वेळी माझ्या नजरेतून निसटलं. आता नीट वाचलं आणि ते सराव म्हणून लिहिलेलं नाही असं वाटलं. वरती तुमचं नाव आणि रेल्वे क्वार्टरचा पत्ता आहे, त्यावरून हे तुम्हाला लिहिते आहे. खाली जसंच्या तसं उतरवते.

"प्रिय मामा, सुट्टीला अजून तीन महिने आहेत. तोवर थांबू नकोस. पंधरा तारखेला बाबा मला देवळ्याला ताईकडे नेणार आहेत. दोन महिन्यांसाठी असं म्हणतात, पण माझी पुस्तकं त्यांनी शेजारी देऊन टाकली. दोन महिन्यांसाठी कुणी पुस्तकं देतं का? तू ये, पण बाबांशी भांडू नकोस. मामी आजारी आहे, घरात कुणीतरी पाहिजे, असं सांग. म्हणजे त्यांना कमीपणा वाटणार नाही. मी मामीच्या हाताखाली सगळं करीन आणि तुमच्याकडच्या शाळेत जाईन. आई असती तर तिने तुला सांगितलं असतं, पण ती नाही म्हणून मी लिहिते. उत्तर पाठवू नकोस. तूच ये. तुझी चांगुणा."

उशीर झाला आहे हे कळतं. तरी तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

आपली,
सुलाबाई

---

मनमाड,
ता. २६ नोव्हेंबर १९७९

बाई, जयभीम.

पत्र ड्यूटीवरून आल्यावर हाती पडलं. दोनदा मनात वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तर आमची बयाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाचा की. मी काय परकी आहे?" मग मोठ्याने वाचलं. 'मामी आजारी आहे असं सांग' हे आलं तशी ती हसली. म्हणाली, "कार्टीनं मला बसल्या जागी आजारी पाडलं." आणि मग डोळ्याला पदर लावून बसली. म्हणाली, "पडले असते की आजारी. दोन वर्षं अंथरुणावर पडून राहिले असते. कुणी सांगायला तर पाहिजे होतं."

आम्हाला मूलबाळ नाही. बहीण वारली तेव्हाच मी चांगुणाला मागितलं होतं. कोंडाजी नाही म्हणाला. सत्त्याहत्तरच्या दिवाळीत पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "बघू." ती देवळ्याला गेल्याचं कळलं तसं मी कार्ड टाकलं, की पोरीला इकडे का नाही पाठवलं. त्याने दुसऱ्याच्या हातून उत्तर लिहवलं, पोरीलाच मनमाडला यायचं नाही, तिचा बहिणीकडे जीव रमतो.

मी रागावलो, बाई. बारा वर्षांच्या पोरीवर रुसून बसलो. म्हटलं, नाही यायचं तर राहिलं. दोन वर्षांत नाशिकला पाय ठेवला नाही, देवळ्याला तर नाहीच. इथे रेल्वेची शाळा आमच्या दारातून दिसते. सकाळी पोरी रिबिनी बांधून जातात त्या बघून बयाबाई आत निघून जाते.

मी रजा टाकतो आणि देवळ्याला जाऊन येतो. कोंडाजीशी पण बोलतो. पण एक काम करा. तिच्या हाताचं ते पान मला पाठवा. तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण तुम्ही उतरवलेलं दाखवलं तर कोंडाजी म्हणेल, हे मेहुण्याने आणि बाईने मिळून रचलं. त्याला वाचता येत नाही, पण पोरीचं अक्षर तो ओळखतो. पान लवकर पाठवा.

निवृत्ती

---

नाशिक,
ता. ५ डिसेंबर १९७९

निवृत्तीभाऊंना सप्रेम जयभीम.

आपलं पत्र मिळालं. ते पान मी खूप शोधलं, पण सापडत नाही. पेटीला वाळवी लागली होती म्हणून बरेच कागद टाकून द्यावे लागले, त्यात गेलं असावं. मी जे उतरवून पाठवलं आहे ते शब्दाला शब्द खरं आहे. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवावा. पानाशिवायही काम होईल असं वाटतं.

बयाबाईंना जयभीम सांगावा.

आपली,
सुलाबाई

---

मनमाड,
ता. १७ डिसेंबर १९७९

बाई, जयभीम.

देवळ्याला जाऊन आलो. चांगुणा आता माझ्या कानाइतकी उंच झाली आहे. बहिणीचं दुसरं पोर कडेवर होतं आणि पहिलं परकराला धरून. अंगणभर कांदा पसरला होता, तो निवडत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "मामा, चहा घेतोस?" जसा काय मी रोजच येतो.

मी म्हटलं, "तू मला पत्र लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं."

"मला मिळालं नाही गं."

"माहीत आहे. बाईंनी टाकलंच नाही."

मी म्हटलं, अगं ते वहीतलं, ते कशाला टाकतील? तर ती काय म्हणाली ते तसंच लिहितो. म्हणाली, "बाई दर आठवड्याला सगळ्यांत चांगलं पत्र निवडायच्या आणि खरोखर टपालात टाकायच्या. सगळ्यांसमोर कबूल केलं होतं त्यांनी. बुधाच्या आत्याला पत्र गेलं, आत्याचं उत्तर पण आलं. म्हणून मी चांगलं लिहिलं. तीन वेळा खोडून लिहिलं. पण मला साडेआठ मिळाले. नऊ बुधाला मिळाले. तो हत्तीवर बसून मामाकडे जातो, असं त्याने लिहिलं होतं." मग म्हणाली, "माझं चांगलं नव्हतं."

मी म्हटलं, आता चल, शाळेत घालतो. तर म्हणते, "आता कशाला? मला काही लिहिता येत नाही." दोन वर्षांत एक अक्षर लिहिलं नाही तिने. दुकानातून काय आणायचं त्याची यादीसुद्धा थोरलीला सांगते, तू लिही.

परत येताना नाशिकला द्वारका चौकात उतरून कोंडाजीला भेटलो. तो ट्रान्स्पोर्टवर माल उतरवत होता. म्हणाला, "पत्र हाय तर दाखव. उगाच तोंडानं सांगू नको. पोर हो म्हणली तर ने, माझं काय नाय. पण ती हो म्हणत नाय, अन् जानेवारीत तिला बघायला पाहुणे येणार हायेत." चौदा वर्षांची आहे बाई ती.

मी परत आलो. बयाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता तुम्हाला विचारतो. हे टपालात टाकायचं काय आहे? तुमच्या पत्रात याचा एक शब्द नाही. आणि ते पान खरंच वाळवीने खाल्लं का?

निवृत्ती

---

नाशिक,
ता. २४ डिसेंबर १९७९

निवृत्तीभाऊंना सप्रेम जयभीम.

पान वाळवीने खाल्लं नाही. तुमचं पहिलं उत्तर आलं तेव्हाही ते माझ्या उशाशी होतं. पाठवलं नाही, कारण त्यावर माझी लाल शाई आहे.

काय आहे ते लिहिते. वरचं तुमचं नाव आणि पत्ता मी आडवी रेघ मारून खोडला आहे आणि बाजूला लिहिलं आहे, 'खरे नाव-पत्ता लिहू नये.' परीक्षेत पोरांनी खरं नाव घालायचं नसतं. गुरुजींच्या टिपणात तो नियम आहे. तिची सही खोडली आहे. 'आई नाही' त्याच्याखाली रेघ ओढून लिहिलं आहे, 'भावना छान.' शेवटी लिहिलं आहे, 'विषय सोडला आहे. तारीख नाही. ८॥.' पत्र माझ्या नजरेतून निसटलं असं मी तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं. मी ते वरपासून खालपर्यंत तपासलं होतं.

टपालाचं चांगुणा सांगते तेही खरं आहे. हुशार मुलांना खोट्या मामाला पत्र लिहायचा कंटाळा येतो. गोटीराम नावाचा एक पोरगा मला म्हणाला होता, "बाई, नसलेल्या माणसाची खुशाली कशाला विचारायची?" म्हणून मी कबूल केलं, की सगळ्यांत चांगलं पत्र मी खरोखर टाकीन. तीन-चार टाकलीही. मग परीक्षा जवळ आली. मला भीती वाटायला लागली, की मुलं नापास झाली तर लोक म्हणतील, चौथी शिकलेल्या बाईच्या हाती दिली होती. मग मी गुरुजींच्या नियमांना धरून बसले आणि टाकायचं बंद केलं. बंद केलं हे मुलांना सांगितलं नाही. चांगुणा वाट बघत असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

अजून एक राहिलं. वह्या आवरताना ते पत्र सापडलं, हेही खरं नाही. ते माझ्याकडे दोन वर्षं रोजच्या वापरात होतं. विषय सोडला तरी भावना कशी आणावी याचा नमुना म्हणून दर नव्या मुलांना मी ते वाचून दाखवत होते. त्या वाचनाचा मला अभिमान होता. 'तूच ये' इथे मी थोडी थांबत असे. १८ नोव्हेंबरला असंच वाचलं आणि मंगल नावाच्या सहावीतल्या मुलीने विचारलं, "मग मामा आले का?"

मुलं हसली. बुधाचा धाकटा भाऊ म्हणाला, "येडी, ते सरावाचं असतं."

ती म्हणाली, "मग पुस्तकं शेजारी दिल्याचं कशाला लिहिलं? ते कुणाला सुचेल?"

मी तिला खाली बस म्हटलं. मुलं गेल्यावर ते पान घेऊन बसले. अकरा वर्षांच्या मुलीला एकदा ऐकून जे कळलं, ते मला दोन वर्षं तोंडपाठ असून कळलं नव्हतं. गुरुजी असते तर त्यांना कळलं असतं, असं मी रोज म्हणते. पण ते नव्हते, मी होते.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. शनिवारी दुपारी मी पान घेऊन द्वारकेला गेले. कोंडाजी गोणीवर बसून जेवत होते. त्यांच्या जोडीदारांपैकी एक जण म्हणाला, "कोंडाजी, शाळा बुडवली का रे? बाई घरी न्यायला आल्या." सगळे हसले. मी म्हटलं, चांगुणाचं पत्र आणलं आहे. तेव्हा ते हसायचे थांबले, आणि कोंडाजींनी हात धुतला.

अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. म्हणाले, "वाचा." मी वाचलं. सगळे हमाल ऐकत होते. पत्र संपल्यावर त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हे लाल काय हाय?"

"ते माझं आहे."

"ते बी वाचा."

मी तेही वाचलं. गुणांसकट.

ते म्हणाले, "मंजी तुमी तवाच वाचलं व्हतं."

मी हो म्हटलं.

त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाले, "मला बी म्हणली व्हती ती. मामाकडं जाते म्हणली. मी म्हणलं, गप. मेहुण्याच्या दारी माझी पोर भाकरी खाणार नाय. अन् त्याला कळवलं, तिलाच यायचं नाय म्हणून." मग म्हणाले, "तेवढं मेहुण्याला लिहू नका." भाऊ, मी लिहिते आहे. या पत्रात काही झाकायचं नाही असं ठरवून बसले आहे. शाळेच्या दाखल्यासाठी मी अर्ज लिहून नेला होता, त्यावर त्यांनी अंगठा दिला. पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगतो म्हणाले, पण पोरीला विचारायचं काम माझ्यावर टाकलं. "तुमीच सांगा तिला. माझं ती ऐकून घेनार नाय."

रविवारी मुलांना सुट्टी दिली आणि पहिल्या गाडीने देवळ्याला गेले.

चांगुणाने मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि पुन्हा कांद्यापाशी जाऊन बसली. मी तिच्यासमोर बसून सांगितलं. तुझं पत्र सगळ्यांत चांगलं होतं. त्या आठवड्याच्या दहा पत्रांत चांगलं होतं आणि त्यानंतर आलेल्या सगळ्यांत चांगलं आहे. मी ते भाकरी करता करता तपासलं. टाकायचं कबूल केलं होतं आणि त्या आठवड्यात कुणाचंच टाकलं नाही, बुधाचंही नाही. मामाला ते गेल्या महिन्यात मिळालं, आणि मिळाल्याबरोबर तो आला.

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "बुधाचं पण नाही टाकलं?"

"नाही."

"मग साडेआठ का दिले?"

मी म्हटलं, विषय सोडला म्हणून.

ती म्हणाली, "मी विषय सोडला नव्हता बाई. मामाकडे जायचं पत्र होतं. मी मामाकडे जायचंच लिहिलं होतं."

तिची बहीण दारात उभी होती, ती म्हणाली, "जा गं तू. पोरं माझी आहेत, मी बघीन." चांगुणाने निवडलेला कांदा टोपलीत भरला, सालपटं झाडली आणि पाठमोरीच विचारलं, "सातवीत बसवतील का? मी सगळ्यांत मोठी दिसेन."

मी म्हटलं, दिसशील.

"बसेन," ती म्हणाली.

मला एसटीपर्यंत पोहोचवायला ती आली नाही. यावं असं मी म्हटलंही नाही. येत्या रविवारी तुम्ही दोघांनी जाऊन तिला घेऊन यावं. बयाबाईंनी जरूर जावं.

तिचं पान या पाकिटात आहे. लाल शाई खोडायचा विचार मनात येऊन गेला, खोडली नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, अकरा वाजता मी शाळेत गेले, कोंडाजींचा अर्ज दिला, कारकुनाच्या टेबलाशी दोन तास थांबले आणि चांगुणाचा दाखला घेऊन आले. तो सोबत जोडला आहे.

सुलाबाई